उतारूंचें वर्तन आणि दंडाचे नियम



आजच्या भाषणाचा विषय जरा रुक्ष आहे. आगगाडींत किंवा एस. टी.च्या मोटारींत बसलेल्या उतारूनें कसें वागावें, तो तसा न वागल्यास कायदा त्याचें काय करतो, आणि कायद्याचें नांव पुढें करून वाहकास किंवा तिकिट-तपासनिसास काय करतां येत नाहीं, एवढेंच मला सांगावयाचें आहे. हा विषय निवडण्याचें कारण असें कीं, शिकल्यासवरल्या कुटुंबांतहि या बाबतींत आश्चर्य वाटावें इतकें अज्ञान आढळतें. घराचा भाडेपट्टा करतांना आपण वकिलाचा सल्ला घेतों. परंतु वर्षांतून शेंकडों वेळां ज्या गाडींत चढतों तिचा कायदा आपण खिडकीवरच्या पाटीपलीकडे वाचलेला नसतो.

उदाहरणासाठीं मी पुणें जिल्ह्याचा पूर्व भाग घेतों. कऱ्हेच्या कांठचें बारामती हें मोरोपंतांचें गांव. तेथें दौंडहून येणाऱ्या आगगाडीचें शेवटचें स्टेशन आहे आणि एस. टी.चें मोठें आगारहि आहे. इंदापूर हें मालोजीराजांच्या गढीचें गांव पुणें-सोलापूर हमरस्त्यावर वसलेलें आहे, तेथें एस. टी.चें आगार आहे, पण आगगाडी नाहीं. तालुक्यांतून जाणारी मोठी रेल्वे गांठावयाची तर भिगवणास जावें लागतें. या दोन गांवांना जोडणारा रस्ता काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णें, जंक्शन, अंथुर्णें, शेळगांव, निमगांव केतकी असा जातो. यांतील 'जंक्शन' हें गांवाचेंच नांव आहे. तेथें उतरून कोणी आगगाडीची वाट पाहत बसूं नये! आतां असें समजा कीं, इंदापूरचा एक गृहस्थ सकाळीं मोटारीनें बारामतीस आला आणि तेथून आगगाडीनें दौंडास गेला. एका दिवसांत तो दोन निरनिराळ्या कायद्यांच्या अंमलाखालीं येऊन जातो. मोटारींत त्याला १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू असतो, आगगाडींत १९८९ चा रेल्वे कायदा. दोहोंतील शिक्षा सारख्या नाहींत, आणि दोहोंची वृत्तीहि सारखी नाहीं.

वृत्ति सारखी नसण्याचें कारण इतिहासांत आहे. आगगाडी आपल्याकडे १८५३ सालीं आली, आणि तिच्या उतारूंसाठीं दीर्घकाळ लागू असलेला कायदा १८९० चा. तो करणारें सरकार परकें होतें. उतारू म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवावयाची असा इसम, ही दृष्टि त्या कायद्यांत पदोपदीं दिसते. तरीहि त्यांत कांहीं चांगलीं कलमें होतीं. उतारूंच्या प्रत्येक गाडींत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा केवळ स्त्रियांसाठीं राखून ठेवावा, आणि गाडी पन्नास मैलांहून अधिक जाणारी असेल तर त्यांतील एका कप्प्यास शौचकूप असावा, असें त्या कायद्यांत स्पष्ट लिहिलेलें होतें. दौंड-बारामती हें अंतर सुमारें ४४ किलोमीटर, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस मैल. ही शाखा पूर्वीं अरुंद रुळांची होती व पुढें ती रुंद करण्यांत आली. त्या जुन्या छोट्या गाडींत बसणाऱ्या बायकांच्या वांट्याला राखीव कप्पा कायद्यानें येत होता. शौचकूप मात्र अंतर कमी पडल्यामुळें कायद्यानें येत नव्हता.

एस. टी.ची गोष्ट निराळी आहे. १ जून १९४८ रोजीं मुंबई सरकारची पहिली मोटार पुणें-नगर रस्त्यावर धांवली. पुढें १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यानें या सेवेस आजचें रूप आलें. ही गाडी स्वराज्य आल्यानंतरची; तिला खेड्यांतील माणूस आरंभापासून 'आपली गाडी' म्हणत आला. तिच्या वाहकास तो नांवानें ओळखतो, त्याच्याशीं सुखदुःखाच्या गोष्टी करतो, आणि प्रसंगीं त्याच्याच अंगावर धांवून जातो. आपलेपणाचा हा दुसरा भाग आहे. त्याकडे मी पुढें येईन.

प्रथम तिकिटाचा प्रश्न घेऊं, कारण भांडणांचा मोठा भाग तेथूनच सुरू होतो. रेल्वे कायद्याचें ५५ वें कलम म्हणतें कीं, योग्य पास किंवा तिकिट जवळ असल्यावांचून, अथवा अधिकार असलेल्या रेल्वे-नोकराची परवानगी घेतल्यावांचून, कोणीहि प्रवासासाठीं डब्यांत चढूं नये किंवा राहूं नये. यांतील 'परवानगी' हा शब्द लक्षांत ठेवण्याजोगा आहे. तिकिटाच्या खिडकीवर रांग मोठी होती, गाडी सुटत होती, ही सबब तपासनीस समोर उभा राहिल्यावर सांगून उपयोग नसतो. चढण्यापूर्वीं गार्डाला गांठून तीच गोष्ट सांगितली तर तिला अर्थ येतो. प्रामाणिक मनुष्य आणि लबाड मनुष्य यांच्यांतील फरक कायद्याला पुष्कळदां या एका मिनिटावरूनच ओळखावा लागतो.

पुढें तिकिट नसलेल्यांचे कायदा दोन वर्ग करतो, आणि हा भेद फार थोड्यांना ठाऊक असतो. १३७ वें कलम फसविण्याच्या हेतूनें प्रवास करणाऱ्यासाठीं आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा लिहिलेल्या आहेत. तसेंच पुरेसें विशेष कारण असल्याशिवाय न्यायाधीशालाहि पांचशें रुपयांच्या खालीं उतरतां येत नाहीं. १३८ वें कलम हेतु विचारीतच नाहीं. तिकिट सांपडलें नाहीं, चुकीच्या वर्गाचें निघालें, मुक्काम ओलांडून पुढें गेलां, तर झालेल्या प्रवासाचें भाडें आणि त्याशिवाय जादा आकार द्यावा लागतो. हा आकार भाड्याइतका किंवा अडीचशें रुपये, यांपैकीं जो अधिक असेल तो. पूर्वीं पन्नास रुपये असलेली ही रक्कम २००४ सालीं अडीचशें करण्यांत आली. बारामतीहून दौंडास जाणाऱ्या साध्या गाडीचें भाडें थोडक्या रुपयांचें आहे. तें चुकविणाऱ्यास त्याच्या कित्येक पट भरावी लागतें, हें गणित घरांतील मुलांना एकदां करून दाखवावें.

एक बारीक गोष्ट आणखी. उतारू कोठें चढला याविषयीं शंका असेल तर भाडें गाडी मूळ जेथून सुटली तेथपासून धरतां येतें. वाटेंत तिकिटें तपासलीं गेलीं असतील तर तपासणीच्या ठिकाणापासून. म्हणजे मुंबईहून आलेल्या लांब पल्ल्याच्या गाडींत भिगवणास विनातिकिट चढलेल्या माणसास 'मी आतांच चढलों' असें नुसतें म्हणून भागत नाहीं. आणि रक्कम देण्याचें नाकारल्यास? तपासनीस स्वतः कोणालाहि शिक्षा देऊं शकत नाहीं. रकमेच्या वसुलीसाठीं प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढें न्यावें लागतें. तेथें ती भरली नाहीं तर दहा दिवसांपासून एक महिन्यापर्यंत कैद होऊं शकते. दंड ठरविणें हें न्यायाधीशाचें काम, जादा आकार मागणें हें तपासनिसाचें काम. आणि जी रक्कम त्यानें घेतली तिची पावती देणें हेंहि त्याचेंच काम. पावतीवांचून दिलेला पैसा दंड नव्हे.

मोटारीचा कायदा येथें बराच सौम्य आहे. १२४ व्या कलमानें तिकिट सक्तीचें केलें आहे, पण गाडींतच तिकिट मिळत असेल तर चढल्यावर शक्य तितक्या लौकर पैसे द्यावे आणि वाहकानें लगेच तिकिट द्यावें, अशी सवड त्यांत ठेवलेली आहे. १७८ वें कलम विनातिकिट उतारूस पांचशें रुपयांपर्यंत दंड सांगतें. कैद सांगत नाहीं. एस. टी.नें वेळोवेळीं काढलेल्या तपासणी-मोहिमांत भाडें वसूल करून वर भाड्याची दुप्पट किंवा शंभर रुपये, यांपैकीं जें अधिक तें, असा दंड घेण्याचा परिपाठ राहिला आहे. परंतु याच १७८ व्या कलमाचा दुसरा भाग वाहकासाठीं आहे, आणि तो उतारूंनीं वाचला पाहिजे. भाडें घेऊन तिकिट न देणारा, किंवा कमी किंमतीचें तिकिट देणारा वाहक यालाहि तितकाच, म्हणजे पांचशें रुपयांपर्यंत, दंड सांगितलेला आहे.

वस्तुतः वाहकाचें नुकसान त्या दंडापुरतें थांबत नाहीं. "राहूं द्या हो तिकिट, निम्मे पैसे घ्या," असें म्हणणारा उतारू सणसर येथें उतरून घरीं जेवावयास जातो. तपासणीचें पथक बेलवाडीस गाडी थांबवितें, आणि नोकरी जाते ती वाहकाची. १९७७ सालीं हरियाणांतील एका वाहकाच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, खात्याच्या चौकशींत उतारूंचे जबाब घेतलेले नाहींत एवढ्यावरून ती चौकशी रद्द होत नाहीं; तपासनिसाची साक्ष हाहि पुरावाच आहे. २००१ सालीं कर्नाटकांतील एक प्रकरण त्याच न्यायालयापुढें आलें. तेथें वाहकानें सव्वादोन रुपये घेऊन पावणेदोन रुपयांचीं तिकिटें दिल्याचा आरोप होता. फरक माणशीं पन्नास पैशांचा. परंतु रक्कम लहान आहे म्हणून दया दाखविणें न्यायालयानें अयोग्य ठरविलें आणि वाहकाची बडतर्फी कायम केली. वाहकाच्या दृष्टीनें हा निकाल कठोर वाटेल. मला स्वतःला त्यांत बोचणारी गोष्ट ही कीं, अशा व्यवहारांत पुष्कळदां दोन भागीदार असतात आणि शिक्षा बहुधा एकालाच होते. निम्म्या पैशांत जाणाऱ्या उतारूला आपण लबाड म्हणत नाहीं, 'व्यवहारी' म्हणतों.

सवलतींमुळें या प्रश्नाला हल्लीं नवें वळण लागलें आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांस एस. टी.चा प्रवास विनामूल्य झाला, आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस निम्म्या भाड्याची सवलत मिळाली. गाडींत गर्दी वाढली. त्याबरोबर वय वाढविलेल्या ओळखपत्रांच्या गोष्टीहि ऐकूं येऊं लागल्या. खोटें ओळखपत्र दाखविणाऱ्यानें असें समजूं नये कीं, पकडलें तर तिकिटाचे पैसे भरून सुटतां येईल. बनावट कागद खरा म्हणून वापरणें हा फौजदारी गुन्हा आहे. त्याचा तिकिटाच्या किंमतीशीं कांहीं संबंध नाहीं.

आतां ज्या कलमाविषयीं मला विशेष बोलावयाचें आहे त्याकडे येतों. भाडें आणि जादा आकार न देणाऱ्या उतारूस गाडींतून उतरविण्याचा अधिकार रेल्वे कायद्याचें १३९ वें कलम देतें. त्यासाठीं इतर लोकांची मदतहि घेतां येते. परंतु लगेच पुढें त्याच कलमानें एक बंधन घातलें आहे. सोबत पुरुष नसलेली स्त्री किंवा मूल यांस वाटेल तेथें उतरवितां येत नाहीं. ज्या स्टेशनावर प्रवास सुरू झाला तें स्टेशन, किंवा जंक्शन, किंवा शेवटचें स्टेशन, किंवा जिल्ह्याचें मुख्य ठाणें असलेलें स्टेशन, एवढ्याच ठिकाणीं, आणि तेंहि केवळ दिवसा, त्यांना उतरवितां येतें. हें बारामतीच्या शाखेस लावून पाहा. दौंड हें जंक्शन आहे, बारामती हें शेवटचें स्टेशन. मधल्या शिरसुफळ किंवा कटफळ येथें एकट्या बाईला विनातिकिट म्हणून उतरवणें, ती तेथेंच चढलेली नसेल तर, कायद्याविरुद्ध आहे. मोठ्या मार्गावर पाहिलें तर भिगवण हें जंक्शन नव्हे, शेवटचें स्टेशनहि नव्हे आणि जिल्ह्याचें ठाणेंहि नव्हे; तेव्हां सोलापूरकडे जाणाऱ्या गाडींत अशा बाईस कुर्डुवाडी येईपर्यंत राहूं दिलें पाहिजे, आणि कुर्डुवाडी रात्रीं आली तर तेथेंहि तिला उतरवितां येत नाहीं. तिच्याकडून पैसे घेण्याचा रेल्वेचा हक्क यानें बुडत नाहीं. फक्त वसुलीसाठीं तिला अंधाऱ्या फलाटावर सोडूं नये, एवढेंच कायदा म्हणतो.

मोटारीच्या नियमांतहि उतारूस खालीं उतरविण्याचा अधिकार आहे. मुंबई सरकारच्या जुन्या मोटार नियमांतून तो १९८९ च्या महाराष्ट्र मोटार वाहन नियमांत आला. गाडींत दंगा करणारा, शिवीगाळ करणारा, स्त्री-उतारूस भीति वाटेल किंवा त्रास होईल असें वागणारा, इतरांच्या अंगचटीस जाणारा, अशा उतारूस वाहक किंवा चालक ताबडतोब उतरण्यास सांगूं शकतो. तो उतरेपर्यंत गाडी थांबवून ठेवूं शकतो. आणि भरलेलें भाडें त्याला परत मागतां येत नाहीं. अधिकार योग्यच आहे. पण निमगांव केतकीच्या पुढें, दोन वस्त्यांच्या मधोमध, रात्रीं नऊ वाजतां हा अधिकार कोणावर वापरावयाचा याचा विचार वाहकास क्षणांत करावा लागतो. दारू पिऊन बायकांच्या अंगावर पडणारा इसम आणि पास घरीं विसरलेला शाळकरी मुलगा, दोघांनाहि एकाच आवाजांत "उतर खालीं" म्हटलें जातें, तेव्हां नियम पाळला जात नसतो, राग काढला जात असतो. रेल्वेच्या कायद्यानें स्त्रिया व मुलें यांच्याविषयीं जें लिहून ठेवलें आहे तें वाहकांच्या शिक्षणांतहि पहिल्या दिवशीं शिकविलें जावें, असें माझें मत आहे.

गर्दी आणि जागा यांविषयीं थोडें. सप्टेंबर १९१७ मध्यें गांधीजी मुंबईहून मद्रासेस तिसऱ्या वर्गानें गेले आणि त्या प्रवासाची हकीकत त्यांनीं प्रसिद्ध केली. बावीस माणसांच्या त्या डब्यांत पुण्यापर्यंत जास्त माणसें शिरलीं नाहींत, याचें कारण त्यांनीं असें दिलें आहे कीं, आंतील धीट उतारू बाहेरच्यांस येऊंच देत नव्हते; रायचूरच्या पुढें मात्र गर्दी असह्य झाली. ती गाडी दौंडवरून, म्हणजे आपण ज्या भागाविषयीं बोलत आहों त्याच भागांतून गेली. गांधीजींनीं रेल्वे कंपनीस जितका दोष दिला तितकाच थुंकून डबा घाण करणाऱ्या उतारूंसहि दिला. हे दार अडविणारे धीट गृहस्थ आजहि हयात आहेत. १९८९ च्या कायद्याच्या १५५ व्या कलमानें दोन्ही बाजू पाहिल्या आहेत: दुसऱ्यासाठीं राखलेल्या डब्यांत किंवा जागेवर जो घुसतो आणि उठत नाहीं त्याला पांचशें रुपयांपर्यंत दंड, आणि राखीव नसलेल्या डब्यांत येणाऱ्या योग्य उतारूस जो अडवितो त्याला दोनशें रुपयांपर्यंत.

एस. टी.मध्यें जागा धरण्याची आपली पद्धति वेगळीच आहे. गाडी फलाटाला लागण्यापूर्वींच खिडकींतून रुमाल, टोपी, पिशवी, प्रसंगीं लहान मूल आंत टाकलें जातें. आषाढांत तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर अशी जाते, बेलवाडीस व इंदापुरास रिंगण होतें. त्या दिवसांत या रस्त्यावरील गाड्यांच्या खिडक्या पाहाव्या! रुमालास कायद्यांत कोणताहि हक्क नाहीं. आगाऊ आरक्षण केलेली जागा आणि स्त्रिया, अपंग इत्यादिकांसाठीं पाटी लावून राखलेल्या जागा, यांपलीकडे जो आधीं बसला त्याची जागा. तथापि रुमालाचा मान ठेवण्याची चाल इतकी जुनी आहे कीं, तिच्याविरुद्ध वाहकहि सहसा बोलत नाहीं. आणि भांडणें होतात तीं रुमाल टाकण्यावरून क्वचित्, एका रुमालानें तीन जागा धरण्यावरून फार.

धूम्रपानाविषयीं फार सांगावयास नको. २००३ च्या तंबाखूविषयक कायद्यानें सार्वजनिक वाहन हें सार्वजनिक स्थळच ठरविलें असून दोनशें रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. रेल्वेच्या आवारांत थुंकणें, कचरा टाकणें यांस २०१२ च्या नियमांनीं पांचशें रुपयांपर्यंत दंड सांगितला. बिडी आतां गाडींतून जवळजवळ गेली. थुंकणें गेलें नाहीं; कारण बिडीचा धूर सर्वांना दिसतो, आणि खिडकींतून टाकलेली पिचकारी मागच्या खिडकींतल्या माणसालाच कळते. नवी तक्रार मोबाइलच्या आवाजाची आहे. एस. टी. महामंडळानें २०२३ सालीं गाडींत मोठ्यानें गाणीं व चित्रफिती लावण्यास मनाई केली. मुंबईच्या बेस्टनेंहि त्याच वर्षीं तसेंच केलें. कानांत यंत्र घालून ऐकण्यास कोणाची हरकत नाहीं. ही मनाई मोडणाऱ्यास वाहकानें सांगावें हें बरोबर; पण पन्नास माणसांचीं तिकिटें फाडणाऱ्या एका वाहकावर हें सोंपवून आपण गप्प बसलों तर ती पाटीवरच राहील.

साखळीविषयीं एक शब्द. १८९० च्या कायद्यांत विनाकारण साखळी ओढण्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड होता, आणि जुन्या डब्यांतील पाट्यांवर तो आकडा पुष्कळांनीं वाचलेला असेल. १९८९ च्या कायद्यानें तो एक हजारापर्यंत नेला, एक वर्षापर्यंत कैदहि सांगितली, आणि विशेष कारण नसेल तर पहिल्या अपराधास निदान पांचशें रुपये व पुढच्यास निदान तीन महिने कैद असें बंधन घातलें. इतकी कडक शिक्षा कां, तें साखळीच्या क्रियेवरून कळेल. गाडीखालून हवेची एक नळी सर्व डब्यांतून जाते. तिच्यांतील दाब आहे तोंवर ब्रेक सुटलेले राहतात. साखळी ओढतांच हवा बाहेर पडते, दाब उतरतो आणि ब्रेक लागूं लागतात. तेथून पुन्हां दाब भरून गाडी निघेपर्यंत मागून येणाऱ्या गाड्यांनाहि सिग्नलपाशीं थांबावें लागतें. आपलें शेत रुळाजवळ आहे म्हणून साखळी ओढणारा मनुष्य आपला अर्धा मैल वांचवितो आणि शेंकडों माणसांचा वेळ खर्च करतो. आजारी माणूस, पडलेलें मूल, लागलेली आग, यांसाठीं मात्र ती निःशंक ओढावी; त्यासाठींच ती तेथें आहे.

आतां दोन गंभीर बाबी. पहिली स्त्रियांची. इंदापूर तालुक्यांतल्या खेड्यांतून बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयांत व इतर शाळा-महाविद्यालयांत मुली रोज एस. टी.नें येतात. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींस अहिल्याबाई होळकरांच्या नांवाच्या योजनेखालीं फुकट पास मिळतो. पण पास फुकट असून भागत नाहीं, गाडी सुरक्षित असावी लागते. गाडींत एखाद्यानें त्रास दिला तर मुलगी घरीं सांगत नाहीं. कारण सांगितलें तर त्या माणसाचें काय होईल तें तिला ठाऊक नसतें, आपलें शिक्षण बंद होईल एवढें पक्कें ठाऊक असतें. म्हणून आईबापांनीं कायदा जाणावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७४ व्या कलमाप्रमाणें विनयभंगाच्या हेतूनें बळ वापरणें यास एक वर्षापासून पांच वर्षांपर्यंत कैद आहे. ७९ व्या कलमाप्रमाणें शब्दानें किंवा हावभावानें केलेल्या अपमानासहि तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. गर्दींत धक्का लागला आणि मुद्दाम लावला, यांतला फरक सिद्ध करण्याचा भार एकट्या मुलीवर पडूं नये. शेजारच्यांनीं साक्षीदार म्हणून आपलें नांव द्यावें. वाहकास मोठ्यानें सांगितलें तर तो गाडी थांबवूं शकतो, किंवा पोलिस-ठाण्याकडे नेववूं शकतो. मुलीनें बोलल्यावर तिचा पास काढून घेण्याऐवजीं दुसऱ्या दिवशीं घरचें कोणी तिच्याबरोबर स्थानकप्रमुखाकडे गेलें तर तिची शाळा चालू राहते.

दुसरी बाब वाहक-चालकांच्या अंगावर हात टाकण्याची. सुट्या पैशांवरून, थांब्यावर गाडी न थांबल्यावरून, आपल्या मोटारसायकलीस वाट न दिल्यावरून हे प्रकार होतात. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याच्या ४३ व्या कलमानें महामंडळाचे नोकर हे फौजदारी कायद्याच्या अर्थानें लोकसेवक आहेत. म्हणजे वाहकास मारलेली चपराक ही दोन माणसांतली मारामारी राहत नाहीं. त्याच्या कामांत अडथळा आणण्यासाठीं बळ वापरणें यास न्याय संहितेच्या १३२ व्या कलमानें दोन वर्षांपर्यंत, आणि दुखापत केल्यास १२१ व्या कलमानें पांच वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. रागाच्या भरांत हात उचलणारा तरुण पुढें नोकरीसाठीं चारित्र्याचा दाखला मागावयास जातो, तेव्हां त्याला या कलमांची पहिली ओळख होते.

दगडफेकीचेंहि तसेंच. मागणी कोणतीहि असो, आपल्याकडे पहिला दगड एस. टी.वर पडतो. १९८४ च्या सार्वजनिक मालमत्ता हानि प्रतिबंधक कायद्यानें सार्वजनिक वाहतुकीचीं साधनें ही विशेष प्रकारची मालमत्ता धरली आहे. सामान्य सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीस पांच वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. वाहतुकीच्या साधनाच्या नुकसानीस कमाल तीच असली तरी विशेष कारण नोंदविल्याशिवाय सहा महिन्यांच्या खालीं सक्तमजुरी देतां येत नाहीं. कांच फुटलेली गाडी आगारांत दुरुस्तीस जाते, आणि त्या दिवशींची अंथुर्ण्याची किंवा शेळगांवची फेरी रद्द होते. त्या फेरीनें दवाखान्यांत जाणारा रोगी कोणत्या पक्षाचा होता, हें दगडाला माहीत नसतें.

उतारूंचीहि गाऱ्हाणीं असतात आणि तीं खरीं असतात. थांब्यावर न थांबलेली गाडी, न मिळालेले सुटे पैसे, उर्मट बोलणें, यांसाठीं भांडण्यापेक्षां चार गोष्टी टिपून घ्याव्या: गाडीचा क्रमांक, मार्ग, वेळ आणि वाहकाचा बिल्ला. तिकिटावर यांतल्या बहुतेक गोष्टी छापलेल्याच असतात. ही तक्रार बारामती किंवा इंदापूर स्थानकावरील वाहतूक नियंत्रकाकडे अथवा आगारप्रमुखाकडे लेखी द्यावी व तिची पोंच मागावी. आगगाडींतील तक्रारीसाठीं व मदतीसाठीं १३९ हा दूरध्वनि आहे, पोलिसांसाठीं ११२. तिकिट मात्र स्थानकाच्या बाहेर पडेपर्यंत फेंकूं नये. तपासणी पुष्कळदां उतरल्यानंतर दारांतच होते, आणि तक्रार द्यावयाची असली तर त्याच कपट्यावर ती उभी राहते.